प्रश्न आपला आपणच शोधायचा: आयबीतला मोठा निबंध आणि मुळशी

एसएससी बोर्डातून आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या अकरावी-बारावीच्या पातळीच्या आंतरराष्ट्रीय डिप्लोमाला येणाऱ्या मुलांना अभ्यासक्रमापेक्षा एक वेगळीच गोष्ट जड जाते. इथे एका टप्प्यावर प्रश्न कुणीच देत नाही. एक्सटेंडेड एसे म्हणजे जास्तीत जास्त ४००० शब्दांचा संशोधन-निबंध. विषय तुमचा, प्रश्न तुमचा, साधनं तुम्हीच शोधायची. मार्गदर्शक शिक्षकांचा वेळ सगळा मिळून तीन ते पाच तास, आणि पूर्ण मसुद्यावर ते एकदाच शेरे देतात. म्हणून तो मसुदा अर्धामुर्धा देऊ नका. डिप्लोमाच्या ४५ गुणांपैकी जास्तीत जास्त ३ गुण हा निबंध आणि टीओके (थिअरी ऑफ नॉलेज, म्हणजे ज्ञान कसं मिळतं याचा विचार करायला लावणारा विषय) मिळून देतात. हे थोडे वाटतील, पण निबंधाला ई ही सगळ्यात खालची श्रेणी मिळाली तर डिप्लोमाच हातचा जातो.

मी मुळशी तालुक्यातल्या यूडब्ल्यूसी महिंद्रा या आयबी शिकवणाऱ्या निवासी कॉलेजात होते. धरण जवळच, त्यामुळे इतिहासातला विषय समोरच होता. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी जमिनी पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ ते १९२४ या काळात मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. ‘मुळशी सत्याग्रह का फसला?’ हा प्रश्न मी घेऊन गेले, तेव्हा माझ्या मार्गदर्शक बाईंनी एवढंच विचारलं, “यातला कुठला पुरावा तू स्वतः वाचू शकतेस?”

सगळ्या निबंधाची दिशा त्या वाक्याने ठरली. जमीन कसणारे मावळे वेगळे, आणि बऱ्याच जमिनींची मालकी पुण्यातल्या सावकारांकडे. भरपाई मिळणार ती मालकाला. कुळाच्या हाती काय उरणार? मग प्रश्न असा झाला: सत्याग्रहाच्या पहिल्या वर्षातल्या ‘केसरी’च्या लिखाणात कूळ आणि सावकार यांचे हितसंबंध कितपत वेगळे दिसतात? एक वर्तमानपत्र, एक वर्ष, एक भेद. हे सतरा वर्षांच्या मुलीला झेपतं. शिवाय जुनं मराठी छापील लिखाण मला वाचता येत होतं, वर्गातल्या बहुतेकांना नाही. मराठी मुलांनो, ही तुमची मोठी ताकद आहे; इंग्रजी शाळेत आलो म्हणून ती बाजूला ठेवू नका. उताऱ्याचं भाषांतर स्वतः केलं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी साधनं बघा, मग प्रश्न पक्का करा. विज्ञानात निबंध करणाऱ्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत खरंच काय मोजता येतं ते आधी विचारावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहू, असं सगळेच म्हणतात. पण सुट्टीत ग्रंथालयात जायचं तर परवानगीचं पत्र शाळा सुरू असतानाच घ्यावं लागतं.

आता डिप्लोमाच्या आणखी एका सक्तीच्या भागाबद्दल, कॅसबद्दल. सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम आणि सेवा मिळून हे किमान १८ महिने चालतं, आणि त्यात किमान महिनाभराचा एक प्रकल्प मुलांनी मिळून उभा करायचा असतो. गुण नाहीत, पण त्याशिवाय डिप्लोमा नाही. इथे माझं मत ठाम आहे: गावात काय करायचं ते वसतिगृहाच्या खोलीत बसून ठरवू नये. भिंती रंगवणं सोपं असतं, फोटोही चांगले येतात. गावाला मात्र कदाचित शाळेत गणित शिकवायला कुणी हवं असतं. आधी शाळेतल्या बाईंना, अंगणवाडी सेविकेला, बचतगटातल्या बायकांना विचारा. भातलावणीच्या दिवसांत संध्याकाळच्या वर्गाला कुणी येणार नाही, हे मुळशीत कुणीही सांगेल, पण विचारलं तरच.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दर उन्हाळ्यात निम्मी मुलं निघून जातात आणि चांगले प्रकल्प तिथेच बंद पडतात. त्यामुळे पहिल्या वर्षाची मुलं सुरुवातीपासून बरोबर घ्या. कुणाशी काय बोलणं झालं, किल्ली कुणाकडे असते, पैसे कुठून आले, हे एका वहीत लिहून ती वही त्यांच्या हाती द्या.

निबंधासाठीही अशी तारीखवार वही ठेवा. शेवटी मार्गदर्शकांबरोबर एक छोटी मुलाखत होते आणि स्वतःच्या प्रवासावर ५०० शब्दांपर्यंत लिहायचं असतं. प्रश्न कधी बदलला, का बदलला, कुठला पुरावा मिळालाच नाही, हे तेव्हा आठवून लिहिता येत नाही. वहीत असेल तर तासाभरात होतं.