वॉशिंग मशीन ४५ मिनिटं दाखवतंय आणि घेतंय सव्वा तास? आधी जाळी बघा

डिस्प्लेवरचा टाइम हा नुसता अंदाज असतोय हो, पाणी किती जोरात येतंय त्यावर बरंच हाय. आपल्या बेळगाव-खानापूरकडं बहुतेक घरात नळाचं पाणी टाकीत चढवायचं आणि तिथनं मशीनला द्यायचं, आता टाकी मशीनच्या वर १० फुटांवर असली तर प्रेशर जेमतेम ०.३ बार, म्हणजे कितीतरी मशीनला लागतं तेवढंच कसंबसं, आणि मशीन ठरलेल्या लेव्हलपर्यंत पाणी भरल्याशिवाय पुढं सरकतच नाही, धुताना एकदा आणि खळबळताना परत परत तेच.

त्यात पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की मागच्या पाइपच्या तोंडाला जी बारीक जाळी असते तिच्यात लाल माती बसते. प्लग काढा, नळ बंद करा, खाली बादली धरून पाइप हातानं फिरवून सोडवा, जाळी पकडीनं हळू ओढा, जुन्या टूथब्रशनं घासून परत बसवा. वायसर नीट बसला नाही तर पाणी गळतंय, तेवढं बघा.

जाळी स्वच्छ असूनपण वेळ लागत असेल तर पावडर कमी करा, फेस जास्त झाला की काही मशीन आपणहून एक पाणी वाढवतात. एकटी जाड चादर टाकली तरी ड्रम डुगडुगतो, मग पिळायच्या आधी मशीन कपडे सारखे करत बसतंय. आणि गरम पाण्याचा प्रोग्राम लावला असेल, तोपण थंडीत, तर वेळ लागणारच की, बिघाड नव्हं तो.