कुंपणाबाहेर गेलेल्या फांद्या कशा आवराव्यात?

आधी फाटकाबाहेर जाऊन फुटपाथवर उभे राहा. आतून बोगनवेल नुसती फुललेली दिसते, तिचे काटे कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवर आलेत ते बाहेरूनच कळतं. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला वाटेतला दगड काठीला लागून समजतो; तोंडासमोरची फांदी मात्र थेट चेहऱ्यावरच बसते. त्यामुळे हे काम ‘बघू सवडीने’ म्हणून ढकलू नये.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या निकषांप्रमाणे फुटपाथवर किमान 2.2 मीटर, म्हणजे साधारण सव्वासात फूट उंची मोकळी हवी. पावसात भिजलेली फांदी जड होऊन आणखी झुकते. म्हणून आठ फुटी बांबू उभा धरून कुंपणालगत चाला आणि जिथे तो अडेल त्या फांदीला सुतळी बांधा. पथदिवा किंवा वाहतुकीची पाटी झाकणाऱ्या फांद्याही खुणेत घ्या.

झाडाला करवत लावण्याआधी पालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करा. महाराष्ट्रातल्या शहरांना लागू असलेल्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही ‘झाड तोडणे’ या व्याख्येत येतं. छाटणी मेअखेर उरकायची, तर अर्ज मार्चमध्येच द्यावा. विजेच्या तारांजवळची फांदी स्वतः तोडू नका, वीज कंपनीला कळवा. फांदीवर घरटं असेल, तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

मनगटाएवढ्या फांदीवर कोयता चालवू नका, ती चिरफाळते. करवतीने तीन काप घ्या. खोडापासून फूटभर अंतरावर पहिला काप खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, फांदीच्या टोकाकडे, वरून. फांदी पडेल, पण साल खोडापर्यंत सोलली जाणार नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढा. फांदी खोडाला जुळते तिथे फुगीर कडं दिसतं, त्याच्या किंचित बाहेर कापा. जखम तिथूनच भरून येते, कड्याला धक्का लावू नका. काम चालू असताना खाली एक माणूस हवाच, पादचाऱ्यांना थांबवायला.

बोगनवेलीला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, पुरतो. बहर ओसरला की छाटा. फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे वेल उघडी पडली तरी काळजी नको. नवी वेल लावताना भिंतीपासून दोन-तीन फूट आत लावा.

छाटलेला पाला गटाराच्या जाळीवर राहू देऊ नका, पहिल्याच पावसात पाणी तुंबतं. काटेरी तुकडे त्याच दिवशी झाडून गोणीत भरा आणि फुटपाथ पुन्हा एकदा नीट तपासा.