मागच्या चाकाचा एबीएस सेन्सर घरी बदलायचाय? मग हे वाचा

डॅशबोर्डवर एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा लाइट लागला की लोक थेट नवीन सेन्सर, म्हणजे चाकाचा स्पीड मोजणारा भाग, मागवतात. तसं करू नका. आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारं यंत्र) लावा, डावं चाक की उजवं ते त्यावर येणाऱ्या कोडवरून कळतं, आणि शेजारी कोणाला तरी बसवून गाडी हळू चालवत स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे चाकांचे चालू आकडे, बघायला सांगा, तीन चाकांचा स्पीड सारखा आणि एकाचा शून्य असेल तर सापडलं. मग त्या चाकाच्या सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) काढून बघा, पिना हिरव्या पडल्यात का, वायर कुठे घासलीय का, पावसाळ्यानंतर बऱ्याचदा दुखणं तिथेच असतं आणि सेन्सर चांगला असतो.

मल्टिमीटर जपून. जुन्या कॉइलवाल्या सेन्सरचा रेझिस्टन्स मोजता येतो, बहुतेकांचा हजार-दोन हजार ओहमच्या आसपास येतो. नवीन गाड्यांत मात्र ॲक्टिव्ह सेन्सर (आत सर्किट असलेला, वीज दिल्यावरच चालणारा) असतो, तोही दोनच वायरींचा, त्यावर ओहम मोजून काही कळत नाही उलट तो उडू शकतो.

आता बदलायचं काम. इग्निशन बंद, गाडी सपाट जागेवर, गिअरमध्ये, पुढच्या चाकांना दगड किंवा ठोकळे. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करा, जॅक लावा आणि खाली स्टँड ठेवाच, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही म्हणजे नाही. चाक काढलं की हबच्या (ज्यावर चाक बसतं तो भाग) मागे एका बोल्टवर सेन्सर दिसेल, बहुतेक गाड्यांत १० नंबरचा सॉकेट नाहीतर एलन की लागते. वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कुठली क्लिप कुठे होती ते नंतर आठवत नाही.

सेन्सर गंजून अडकलेला असणारच. रस्ट स्प्रे मारा, वेळ द्या, मग प्लायरने डावी-उजवीकडे हलकं फिरवत बाहेर काढा. हातोडी नको, प्लास्टिक तुटून तुकडा आत राहिला तर हब खोलायची वेळ येते.

खरं काम इथे आहे. भोकातला गंज बारीक पॉलिश पेपरने साफ करा, जिथे सेन्सरचा कान (बोल्टचं भोक असलेला भाग) टेकतो ती जागासुद्धा, कारण गंजाचा थर राहिला की सेन्सर रिंगपासून (चाकाबरोबर फिरणारी, जिच्यावरून तो स्पीड वाचतो) लांब बसतो आणि हळू स्पीडला सिग्नल तुटतो. चुरा आत पडू देऊ नका. आतली रिंग मॅग्नेटिक असेल तर लोखंडाचा कीस तिला चिकटून बसतो, म्हणून चुंबकवालं टूलही जवळ नेऊ नका.

नवीन सेन्सर हाताने सरळ आत जायला पाहिजे, बोल्टने ओढून बसवू नका. बोल्ट छोटा आहे, टॉर्क मॅन्युअलमध्ये बघून तेवढाच कसा. वायर जुन्याच रस्त्याने, सगळ्या क्लिपांत, टायर आणि स्प्रिंगला न लागता न्या, केबल टायवर भागवू नका.

कोड क्लिअर करून परत लाइव्ह डेटा बघा. तरी लाइट आला आणि मध्ये कधी बेअरिंग बदललेलं असेल तर ते उलटं बसलंय का ते तपासा, मॅग्नेटिक रिंग बेअरिंगच्या एकाच बाजूला असते.