लॉजचा लँडलाइन नंबर व्हीओआयपी गेटवेवर: कॉल कुठे वाजेल, कधी तुटेल, कसे ठरवावे

पंचवटीत लॉज चालवणाऱ्याला पाटीवरचा ०२५३ चा नंबर सोडवत नाही. वर्षानुवर्षे येणाऱ्या यात्रेकरूंच्या डायरीत तोच असतो. नंबर तोच ठेवून फोन मात्र दोन-तीन ठिकाणी वाजवायचा, तर व्हीओआयपी गेटवे (लँडलाइनचा कॉल नेटवर्कवरच्या फोनांकडे पोचवणारी पेटी) उपयोगी पडतो. त्याच्या एफएक्सओ पोर्टात, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या खाचेत, लँडलाइनची तार लावा. फायबर घेतले असेल तर ती ओएनटीच्या (फायबर कंपनीने बसवलेल्या पेटीच्या) फोन पोर्टातून येईल. एफएक्सएस, म्हणजे साध्या फोनच्या पोर्टात रिसेप्शनचा फोन, लॅन (नेटवर्कच्या) पोर्टात राउटर. जोडणीला वेळ लागत नाही, डोके लागते ते सेटिंगला.

१. आधी कागद

ब्राउझरमध्ये गेटवेचे सेटिंग उघडण्याआधी लिहून काढा: दिवसा आधी कोण उचलणार, नाही उचलला तर कोण, रात्री कोण. प्रत्येकाला एक अंतर्गत नंबर द्या: समजा रिसेप्शन १०१, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकांच्या मोबाइलवरचे सिप (नेटवर्कवरून कॉल घेणारे) अ‍ॅप १०२, रात्रपाळीचा मुलगा १०३. अ‍ॅप लॉजच्याच वाय-फायवर चालवा. एकच लँडलाइन असेल, तर आलेला कॉल त्याच लाइनवरून मालकांच्या मोबाइल नंबरला पाठवता येत नाही, कारण ती लाइन आधीच अडकलेली असते. मालक गावाला गेले असतील, तर टेलिफोन कंपनीचीच कॉल फॉरवर्डिंग सेवा वापरा.

२. येणारा कॉल

गेटवेच्या पानावर लॉगिन करून सगळ्यात आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. मग एफएक्सओ पोर्टाला येणारा प्रत्येक कॉल १०१ कडे वळवा. 'किती रिंगनंतर उचलायचे' इथे २ ठेवा. पहिल्याच रिंगला लाइन उचलली, तर कॉलर आयडी अर्धवट राहू शकतो.

'नो आन्सर' टाइमआउट, म्हणजे कोणी न उचलल्यास थांबायची वेळ, २० सेकंद पुरे. आपल्याकडे रिंगचा एक फेरा ३ सेकंदांचा असतो, म्हणजे सहा-सात वेळा वाजून कॉल १०२ कडे जाईल. 'बिझी' असतानाही तिकडेच पाठवा. रात्री थेट १०३ वाजवायचा असेल, तर वेळापत्रकाची सोय बहुधा गेटवेत नसून आयपी पीबीएक्समध्ये (नेटवर्कवरच्या अंतर्गत फोन एक्स्चेंजमध्ये) असते, तिथे शोधा.

३. कॉल तुटल्याचे गेटवेला कळणे

बहुतेक तक्रारी इथल्या. समोरच्याने फोन ठेवला तरी गेटवेला ते आपोआप कळतेच असे नाही. मग लाइन धरून बसते आणि पुढच्या यात्रेकरूला एंगेज लागतो. ओळखण्याचे दोन मुख्य मार्ग: लाइनची पोलॅरिटी (तारांमधला धन-ऋण क्रम) उलटणे किंवा बिझी टोन ऐकणे. पोलॅरिटी रिव्हर्सल लाइनवर सुरू आहे का, हे कंपनीला विचारा. नसेल तर बिझी टोन ओळखण्याची सोय चालू करा. देश 'भारत' निवडा किंवा आकडे हाताने भरा: ४०० हर्ट्झ, ७५० मिलिसेकंद आवाज, ७५० मिलिसेकंद शांतता. अमेरिकेचे आकडे तसेच राहिले, तर गेटवे आपला टोन ओळखणारच नाही. फायबरवर टोन ओएनटी तयार करतो, त्यामुळे तिथे फरक पडू शकतो. चाचणी करूनच पुढे जा.

४. जाणारा कॉल

डायल प्लॅनमध्ये (कोणते नंबर लावू द्यायचे त्या यादीत) मोजकेच नमुने ठेवा: नाशिकचे ७ आकडी नंबर, शून्य आणि पुढे १० आकडे, आणि ११२. मोबाइल व बाहेरगावचे एसटीडी नंबर दोन्ही दुसऱ्या नमुन्यात बसतात. लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावणे १५ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. ००ने सुरू होणारे नंबर बंदच ठेवा. गेटवेत कोणी घुसले, तर परदेशी कॉलचे बिल तुमच्या नावावर येते. एक आकडा दाबल्यावर पुढच्या आकड्याची वाट पाहायला ४ सेकंद द्या. बाहेरच्या इंटरनेटवरून आलेले कॉल या लँडलाइनवरून पुढे सोडू नका, परवान्याशिवाय ते बेकायदा आहे.

कोडेक (आवाज डिजिटल करण्याची पद्धत) जी.७११ ए-लॉ निवडा, डीटीएमएफ (बटणांचे टोन पाठवण्याची पद्धत) आरएफसी २८३३. आवाज एकाच बाजूने येत असेल, तर राउटरमधले सिप एएलजी (इंटरनेट कॉलच्या माहितीत बदल करणारी सोय) बंद करून पाहा.

५. चाचणी

मोबाइलवरून लँडलाइन लावा. १०१ उचलू नका, १०२ वाजतो का पाहा. उचलून बोला, मग मोबाइल आधी ठेवा. गेटवेच्या स्टेटस पानावर एफएक्सओ काही सेकंदांत 'आयडल' (मोकळा) दिसायला हवा. दिसला नाही तर तिसऱ्या पायरीकडे परत. ११२ वर चाचणीचा कॉल करू नका. शेवटी गेटवे, राउटर आणि ओएनटी तिन्ही एकाच यूपीएसवर लावा; वीज गेली आणि यातला एक जरी बंद पडला, तरी फोन वाजेलच असे नाही.