गाडीवाटेवरची सायकल

सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाकडे सायकलवर जायला तुळजापूर रस्त्यावर ट्रकांमागे धूळ कशाला खायची? शिवारातल्या गाडीवाटा धरा. 40 मिलिमीटरच्या टायरमध्ये साधारण 70 किलोच्या माणसाला 35 ते 40 पीएसआय हवा पुरते. ठासून भरली तर खडीवर मनगटं खिळखिळी होतात.

खरा वैरी वेडी बाभूळ. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घालाच, पण सोलापूरच्या उन्हात ते लवकर वाळतं, म्हणून दर दोन महिन्यांनी तपासा. रुतलेल्या काट्यातून हवा जात नसेल तर घरी येईपर्यंत तो उपटू नका.

आणि पावसानंतर दोन दिवस काळ्या रानात शिरू नका. चाक आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यात) चिखल असा थापला जातो की सायकलच खांद्यावर बसते. माझ्या बसली होती, दीड किलोमीटर.