लेहच्या डोंगरांत सायकल चालवायची, तर आखणी अशी करा

पहिल्यांदा मनालीहून लेहला सायकलने निघालो तेव्हा माझ्याकडे ए-फोर कागदावर छापलेलं वेळापत्रक होतं. दिवस, गावं, किलोमीटर, मुक्काम असे चार रकाने. जिस्पा ते झिंगझिंगबार या दिवशी किलोमीटर इतके कमी होते की मी समोर कंसात 'आराम' असं लिहिलं होतं. त्या रात्री तंबूत डोकं फुटायला आलं, पोटातली मॅगी बाहेर आली आणि पहाटे एका पिकअपच्या मागे सायकल टाकून मी पात्सिओला खाली परतलो. चूक साधी होती. जिस्पा सुमारे 3,200 मीटरवर आहे आणि झिंगझिंगबार जवळपास 4,270 वर. एका रात्रीत झोपायची जागा हजार मीटरहून जास्त वर सरकली होती आणि कागदावर ते कुठेच दिसत नव्हतं.

कागदाला पाचवा रकाना जोडा

तो रकाना म्हणजे 'झोपायची उंची'. आखणी याच रकान्यापासून सुरू करायची, किलोमीटर नंतर. सर्वमान्य नियम असा: 3,000 मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा कितीही वर जाऊन या, रात्री खाली झोपा. कळसूबाई हे आपलं सर्वोच्च शिखर 1,646 मीटर. लेह 3,500 मीटरवर, म्हणजे विमानाच्या शिडीवरून उतरता तेव्हाच तुम्ही दोन कळसूबाई एकावर एक रचून त्यांच्याही वर उभे असता. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश आणि लेहच्या वरच्या खारदुंगला खिंडीत जेमतेम निम्मा. पुण्या-मुंबईहून नेलेलं चिवड्याचं पाकीट लेहमध्ये उशीसारखं फुगतं, ते याचमुळे.

महिना आणि वाट

जून अखेर ते सप्टेंबर मध्य हा हंगाम. माझी पसंती सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. बर्फ वितळून ओढ्यांना येणारं पाणी तोवर ओसरलेलं असतं, गर्दीही कमी. रात्री मात्र गारठा चांगलाच. ऑगस्टमध्ये लडाख कोरडं असतं हे खरं, पण 2010 च्या ऑगस्टमध्ये लेहमध्ये ढगफुटीने काय झालं ते विसरू नये. हिमाचलच्या बाजूने येणार असाल तर तिथला पावसाळाही मोजावा लागतो.

पोहोचण्याच्या तीन वाटा. विमानाने वेळ वाचतो, पण शरीराला एकदम 3,500 वर फेकलं जातं. मनालीचा रस्ता देखणा, पण उंचीच्या दृष्टीने अवघड. वाटेतल्या खिंडी अशा: बारालाचा 4,890, लाचुलुंग 5,000 च्या वर, तांगलांग 5,328, आणि मधले मुक्कामही 4,000 च्या वर. श्रीनगर-द्रास-कारगिल-लामायुरू या रस्त्यावर सर्वांत उंच खिंड फोटुला, ती 4,108 मीटर, आणि मुक्काम बहुतेक 3,500 च्या आतबाहेर. वेळ असेल तर सायकलने नाही, पण निदान गाडीने तरी याच वाटेने या. शरीर आपोआप तयार होतं.

बहुतेकांना सुट्टी दोनच आठवड्यांची मिळते आणि ते विमानानेच येतात. म्हणून पुढची आखणी त्यांच्यासाठी.

लेहमधले दिवस

पहिले दोन दिवस सायकल खोक्यातून काढायचीसुद्धा नाही. मला माहीत आहे, हात शिवशिवतात. पाणी प्या, झोपा, संध्याकाळी बाजारात चक्कर मारा. जिने चढताना धाप लागते ती लागू द्या.

तिसऱ्या दिवशी सायकल जोडून सिंधूच्या काठाने शे आणि ठिकसे. ठिकसे 19 किलोमीटरवर, रस्ता सोपा. सायकलची खरी चाचणी इथे होते, गिअर कुरकुरत असतील तर आजच कळतं. चौथ्या दिवशी निमूजवळचा सिंधू-झंस्करचा संगम, 35 किलोमीटर. जाताना उतार जास्त आणि परतीला चढ, त्यामुळे पाय थकलेले असताना ऊन आणि वारा दोन्ही सोसावं लागतं. एकटे असाल तर परत येताना सायकल गाडीवर टाकण्यात लाज नाही.

पाचव्या ते सातव्या दिवसात शाम खोरं. माझ्या मते एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेऊन लडाखला येण्याचं खरं चीज इथेच होतं. गाडीने लिकिरपर्यंत जायचं आणि तिथून यांगथांग, हेमिस शुकपाचन करत तेमिसगामला उतरायचं. डांबरी, कच्चे गाडीरस्ते आणि मधूनच पायवाटा. वाटेतल्या खिंडी छोट्या, 4,000 मीटरच्या आतल्या. एका वळणावर सगळं तपकिरी, पुढच्या वळणावर जवाचं हिरवं शेत आणि त्याला पाणी देणारा ओहोळ. मुक्कामाला घरगुती होमस्टे मिळतात, रात्री थुक्पा किंवा स्क्यू आणि सकाळी खंबीर रोटी. पायवाटेवर पायी जाणाऱ्याला आणि गाढवांना आधी वाट द्या. शेताच्या बांधावरून सायकल नेऊ नका, तो बांध म्हणजे कुणाचा तरी पाट असतो.

आठवा दिवस लेहमध्ये आराम. नवव्या दिवशी खारदुंगलाच्याच रस्त्यावरच्या साउथ पुल्लूपर्यंत चढून परत, 24 किलोमीटर, उंची सुमारे 4,600. ही खारदुंगलाची रंगीत तालीम. इथे डोकं दुखलं तर पुढचा बेत रद्द. दहावा दिवस राखीव, अकरावा खारदुंगला.

खारदुंगलाचा दिवस तासांत आखा

लेहपासून माथा 39 किलोमीटर. चढ एकूण साडेअठराशे मीटर, म्हणजे सरासरी पाच टक्क्यांच्या आतच. सिंहगडाचा घाटरस्ता याहून उभा आहे. फरक एवढाच की इथे तीन सिंहगड लागोपाठ चढायचे आणि तिसरा निम्म्या हवेत. साउथ पुल्लूपर्यंत साडेचार तास धरा, पुढच्या पंधरा किलोमीटरला आणखी तीन. पहाटे पाचला पेडल मारलं तर साडेबाराला माथा. 'एक वाजता जिथे असेन तिथून मागे' हे आदल्या रात्रीच ठरवून सोबत्याला सांगून ठेवा. वर गेल्यावर ठरवायचं म्हटलं तर मेंदूलाही तिथे हवा कमीच मिळते. दुपारनंतर वारा उठतो, बर्फाचं पाणी रस्त्यावर उतरतं आणि पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते.

माथ्यावरची जुनी पाटी 18,380 फूट सांगायची. प्रत्यक्ष मोजणीत ही खिंड 5,359 मीटर, म्हणजे 17,582 फूट भरते. फोटो पाटीसोबतच काढा, काही बिघडत नाही, पण वीस मिनिटांत खाली निघा.

उतारच जास्त धोक्याचा. घामाने भिजलेला टी-शर्ट माथ्यावरच बदला, वरून वाऱ्याचं जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला ते कळत नाही. ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा वळणाआधी नीट दाबून सोडायचा, दर काही किलोमीटरवर थांबून डिस्क थंड होऊ द्यायची.

शरीर काय सांगतंय

डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर किंवा खूप थकवा असेल तर आणखी वर जायचं नाही, त्याच उंचीवर थांबायचं. बसल्या जागी धाप, ओला खोकला किंवा चालताना झोक जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं. तपासायची सोपी रीत: जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला लावा. जमलं नाही तर मामला गंभीर आहे. लेहच्या एसएनएम रुग्णालयाला हे आजार रोजचे आहेत, संकोच करू नका.

डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात. मी दोन दिवस हँडलची पकड बदलत बसलो होतो!

सायकल आणि सामान

लेहमध्ये भाड्याने एमटीबी मिळते आणि पहिल्या खेपेला तेच बरं. स्वतःची नेणार असाल तर डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्यावर बसतो तो छोटा तुकडा, दोन जादा घ्या. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि लेहमध्ये तुमचाच सापडेल ही आशा सोडा. विमानासाठी चाकं काढलीत की डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये जुनं व्हिजिटिंग कार्ड घडी करून अडकवा, नाहीतर वाटेत कुणाचा हात लिव्हरवर पडतो आणि पॅड एकमेकांना चिकटून बसतात. दोन ट्यूब, पॅडचा एक जोड, चेनचे क्विक लिंक, हातपंप आणि तेल पुरे. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, गॅसचा डबा घरीच.

रोज चार-पाच लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, त्यातली एक बाटली ओआरएसची. उंचीवर भूक मरते, म्हणून ओळखीची चव जवळ ठेवा. माझ्या खिशात राजगिऱ्याचे लाडू असतात आणि बॅगेत मेतकुटाची पुडी. लेहच्या कुठल्याही हॉटेलात गरम भात मिळतो. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड न्या. नुब्रा किंवा पँगाँगकडे जाणार असाल तर परवान्याचे आणि शुल्काचे नियम बदलत राहतात, ते निघण्याच्या आठवड्यात पाहून घ्या.

शेवटचा दिवस मोकळा

खारदुंगला आणि परतीचं विमान यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस ठेवा. लेहची विमानं सहसा सकाळीच सुटतात, दुपारी वारा वाढतो म्हणून. हवा बिघडली तर ती रद्दही होतात. शिवाय सायकल धुऊन, पेडल सोडवून, खोक्यात बसवायला अर्धा दिवस जातोच. पेडल सोडवताना एक लक्षात ठेवा: डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. थकलेल्या हातांनी ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत बसलेला मीच पहिला नाही.