गेम ग्राफिक्समध्ये रिसर्च इंजिनिअर व्हायचंय? या चुका टाळा

गेम बनवणं हे एक काम. गेममधलं चित्र दर फ्रेमला वेळेत तयार व्हावं म्हणून नवी पद्धत शोधणं आणि ती चालवून दाखवणं हे दुसरं. या दुसऱ्या कामाला रिसर्च इंजिनिअर लागतो. शोधनिबंधातली कल्पना घ्यायची, ती खऱ्या जीपीयूवर (चित्र काढणाऱ्या चिपवर) मिलिसेकंदांच्या हिशेबात बसवायची आणि जिथे बसत नाही तिथे का बसत नाही ते आकड्यांनी दाखवायचं. नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजांत शिकणाऱ्यांनी नुसतं युनिटी किंवा अनरिअल हे गेम इंजिन शिकून या कामाची तयारी झाली असं समजू नये. सी प्लस प्लस, रेषीय बीजगणित आणि जीपीयूला काम सांगणाऱ्या व्हल्कन किंवा डायरेक्टएक्स १२ पैकी एक, एवढं पक्कं हवंच. पण मुलं खरी अडकतात ती मोजमापात.

एफपीएसमध्ये बोलणं

एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. "माझ्या इफेक्टमुळे ९०० चे ४५० एफपीएस झाले" हे ऐकायला भयंकर वाटतं. "६० चे ५६ झाले" हे किरकोळ वाटतं. हिशेब केला तर दोन्हीकडे खर्च जवळपास तेवढाच, साधारण १.१ ते १.२ मिलिसेकंद. एफपीएस हा व्यस्त आकडा आहे, त्याची बेरीज-वजाबाकी करता येत नाही. ६० एफपीएसला संपूर्ण फ्रेमसाठी १६.६७ मिलिसेकंद मिळतात, १२० ला ८.३३. म्हणून रिपोर्टमध्ये नेहमी मिलिसेकंद लिहा आणि सरासरीसोबत ९९ वा पर्सेंटाइलही (ज्याहून जास्त वेळ शंभरातल्या एखाद्याच फ्रेमला लागतो तो आकडा) द्या, कारण खेळणाऱ्याला सरासरी जाणवत नाही, झटका जाणवतो.

दुसरी गफलत टायमरची. ड्रॉ कॉलच्या (जीपीयूला काढायला सांगणाऱ्या आज्ञेच्या) आधी आणि नंतर सीपीयूचं घड्याळ वाचलं तर फक्त काम रांगेत लावायचा वेळ मिळतो. जीपीयूने ते अजून सुरूही केलेलं नसतं. जीपीयूच्याच टाइमस्टॅम्प क्वेरी (जीपीयूने स्वतः नोंदवलेली वेळ) वापरा आणि उत्तर दोन-तीन फ्रेम उशिरा वाचा. लगेच वाचायला गेलात तर सीपीयू तिथेच थांबून राहतो आणि तुमचं मोजमापच गेम मंद करतं. व्हल्कनमध्ये मिळालेला आकडा टिकमध्ये (घड्याळाच्या ठोक्यांत) असतो. त्याला टाइमस्टॅम्प पिरियडने (एका टिकच्या नॅनोसेकंदांनी) गुणलं की नॅनोसेकंद मिळतात. हा गुणाकार राहिला की काही कार्डांवर आकडे बरोबर दिसतात आणि काहींवर साफ चुकतात.

मोजायच्या आधी कागदावर अंदाज काढायची सवय लावा. ४के फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८२.९ लाख पिक्सेल. दर पिक्सेलला ८ बाइटचे चार बफर (चित्राएवढे मेमरीतले साठे) वाचले आणि एक लिहिला तर सुमारे ३३२ एमबी मेमरीतून ये-जा होते. सेकंदाला ३०० जीबी बँडविड्थच्या कार्डावर त्यालाच १.१ मिलिसेकंद लागणार. तुमचा पास (चित्र बनवण्याचा एक टप्पा) ४ मिलिसेकंद घेत असेल तर दोष बँडविड्थचा नसून शेडरच्या (जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) हिशेबात किंवा कॅशेत कुठेतरी आहे. शोध तिथे घ्या.

उन्हाळा आणि लाईट

परभणी-नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा खोलीत लॅपटॉपचा जीपीयू पहिली दोन-तीन मिनिटं पूर्ण वेगाने पळतो, मग तापून क्लॉक (चिपचा वेग) खाली आणतो. सकाळी जुना कोड मोजला आणि दुपारी नवा, तर नवा कोड हळू दिसतो, चूक मात्र त्याची नसते. आधी दहा मिनिटं लोड देऊन मशीन तापवा, मग जुना-नवा, जुना-नवा असं आलटून पालटून मोजा. जमेल तिथे जीपीयूचा क्लॉक बांधून ठेवा. एनव्हिडियाच्या एनसाइट ग्राफिक्स या टूलमध्ये ती सोय आहे. क्लॉक आणि तापमान लॉगमध्ये लिहीत चला. मोजता मोजता लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि जीपीयूची वीजमर्यादा घसरते. त्या वेळचे आकडे सरळ टाकून द्या.

काळे चौकोन आणि फिका रंग

चित्रात अचानक एक काळा ठिपका उमटतो आणि काही फ्रेममध्ये पसरत चौकोन होतो. याचं मूळ बहुधा १६ बिट फ्लोटमध्ये असतं. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५५०४. धातूवर पडलेलं सूर्याचं चकाकणं याच्या पुढे गेलं की किंमत अनंत होते, अनंतातून अनंत वजा झाला की नॅन, म्हणजे 'संख्याच नाही' अशी किंमत. टीएए, म्हणजे कडा गुळगुळीत करणारा टप्पा, मागची फ्रेम पुन्हा वापरतो, म्हणून एक नॅन इतिहासात शिरला की बाहेर पडत नाही, आणि ब्लर त्याला शेजारच्या पिक्सेलांत नेतो. रेंडरडॉक या डीबगरमध्ये फ्रेम पकडा, नॅन दाखवणारा ओव्हरले लावा आणि पास उलट क्रमाने तपासत पहिला बिघडलेला पास गाठा. इलाज उगमापाशीच करायचा: शून्याने भागाकार, शून्य लांबीच्या व्हेक्टरचं नॉर्मलायझेशन, ऋण संख्येचं वर्गमूळ. शेवटी एक क्लॅम्प (किंमत मर्यादेत दाबणं) ठोकून दिला तर ठिपका लपतो, चूक राहतेच.

रंगाची चूक कमी नाट्यमय, पण जास्त आढळते. एसआरजीबीमधला (पडद्यासाठी साठवलेल्या रंगातला) ०.५ म्हणजे प्रकाशाच्या हिशेबात सुमारे ०.२१. अल्बेडो (वस्तूचा मूळ रंग) टेक्सचर एसआरजीबी म्हणून वाचायचं. नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) आणि रफनेस (खरखरीतपणा) मॅप लिनिअर, म्हणजे जसेच्या तसे. उलट केलं की दगड प्लास्टिकसारखा दिसतो आणि मुलं शेडरमध्ये दोष शोधत बसतात.

व्हिजनचा प्रकल्प नोटबुकात सोडून देणं

गेममध्ये कॉम्प्युटर व्हिजन (संगणकाने चित्र समजून घेणं) लागतं ते अपस्केलिंग (लहान चित्र मोठं करणं), डिनॉइझिंग (चित्रातले नको ते ठिपके घालवणं), व्हीआरमधलं हात ओळखणं आणि खरी जागा स्कॅन करणं अशा कामांना. पायथनच्या नोटबुकात मॉडेल चाललं म्हणजे काम झालं नाही. ओपनसीव्ही ही लायब्ररी चित्र बीजीआर (निळा-हिरवा-लाल) क्रमात वाचते. ट्रेनिंग आरजीबीवर झालेलं असेल तर एररही येत नाही, निकाल फक्त गुपचूप बिघडतो. डिनॉइझर सुट्या चित्रांच्या पीएसएनआरवर (मूळ चित्राशी किती जुळतं त्या आकड्यावर) तपासू नका. कॅमेरा हलवा, चित्र लुकलुकतं का आणि हलणाऱ्या वस्तूंमागे भुतासारखी छाया राहते का ते बघा. छाया राहिली तर आधी मोशन व्हेक्टर (पिक्सेल मागच्या फ्रेमपासून किती सरकला ते) तपासा: कॅमेऱ्याचा जिटर (दर फ्रेमला मुद्दाम दिलेली सूक्ष्म हालचाल) त्यातून वजा केलाय का, हाडांवर हलणाऱ्या पात्रांची मागची पोझ साठवलीय का.

आपल्याकडे स्कॅनिंगच्या सरावाला जागांची वाण नाही. परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्यासारख्या गावची बारव घ्या. बेसॉल्टचा काळा दगड, एकसारख्या पायऱ्या, तळाशी पाणी: रिकन्स्ट्रक्शन (फोटोंतून त्रिमितीय मॉडेल उभं करणं) फसायला लागतं ते सगळं एकाच जागी आहे. एकसारख्या पायऱ्यांमुळे कोलमॅप हे रिकन्स्ट्रक्शनचं सॉफ्टवेअर एका बाजूचा टप्पा दुसऱ्या बाजूला जुळवतो आणि बारव स्वतःवरच दुमडते. म्हणून फोटो क्रमाने घ्या, सिक्वेन्शियल मॅचिंग (क्रमाने शेजारचेच फोटो जुळवणं) वापरा आणि दर फोटोत देवकोष्ठासारखी (भिंतीतल्या देवाच्या कोनाड्यासारखी) एखादी वेगळी खूण येऊ द्या. दोन फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सामाईक हवा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. पाण्यावर मास्क लावा, कारण प्रतिबिंबातली बारव सॉफ्टवेअरला खरी वाटते. मॉडेलला स्वतःचं माप नसतं, तेव्हा बरोबर १ मीटर अंतरावर दोन खुणा ठेवून त्यांचे फोटो घ्या. ढगाळ दिवस निवडा, नाहीतर ऊन-सावली अल्बेडोत कायमची बसते आणि गेममधला सूर्य फिरवला तरी दगडावरची सावली जागची हलत नाही. संरक्षित स्मारक असेल तर ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व विभागाची परवानगी आधी काढा. २०२३ साली आलेल्या गॉसियन स्प्लॅटिंगने ही बारव अप्रतिम दिसेल, पण त्यातही प्रकाश भाजलेलाच असतो, शिवाय लाखो अर्धपारदर्शक ठिपके दर फ्रेमला क्रमाने लावण्याचा खर्च येतो. तो खर्च मोजून लिहिलात तर प्रकल्पाला वजन येतं.

नोकरी शोधताना

या जागा आपल्याकडच्या कॅम्पसला सहसा येत नाहीत, त्यामुळे प्लेसमेंटची वाट बघत चौथं वर्ष घालवू नका. एनव्हिडिया, एएमडी, क्वालकॉम, इंटेल यांची भारतातली कामं मुख्यतः बेंगळुरू-हैदराबादला. एनव्हिडिया आणि जीपीयूची रचना करणारी इमॅजिनेशन पुण्यातही आहेत. पदाच्या नावात 'रिसर्च' असेलच असं नाही. रेंडरिंग, जीपीयू परफॉर्मन्स, ड्रायव्हर, कॉम्प्युटर व्हिजन हे शब्दही शोधा. पीएचडी बहुतेकदा रिसर्च सायंटिस्टच्या जागेला मागतात. इंजिनिअरच्या अनेक जागा बीटेक-एमटेकवर मिळतात. एमटेकसाठी गेट देणार असाल तर लक्षात घ्या, त्या कॉम्प्युटर सायन्सच्या अभ्यासक्रमात ग्राफिक्स नाही, ते स्वतःहूनच शिकावं लागतं. सिग्राफ या ग्राफिक्स परिषदेतल्या रिअल-टाइम रेंडरिंगच्या कोर्सच्या २००६ पासूनच्या स्लाइड्स फुकट मिळतात आणि जेसीजीटी हे ग्राफिक्सचं नियतकालिकही. व्हिजनमध्ये संशोधन करायचं तर हैदराबादच्या ट्रिपल आयटीतली सीव्हीआयटी प्रयोगशाळा बघा.

पोर्टफोलिओत ट्युटोरियलवरून उतरवलेले पंधरा प्रकल्प ठेवू नका. एकच शोधनिबंध निवडा आणि त्यातली पद्धत पूर्ण चालवून दाखवा. रिपॉझिटरी नव्या मशीनवर एका कमांडमध्ये बिल्ड झाली पाहिजे. रीडमीमध्ये कार्डाचं नाव, ड्रायव्हर, रिझोल्यूशन, प्रत्येक पासचा वेळ आणि पद्धत फसते असे किमान तीन सीन फोटोसकट द्या. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात, आणि मुलाखत घेणारा नेमका तिथेच थांबतो: हा सीन का फसला, अर्धा मिलिसेकंद आणखी दिला तर काय सुधाराल, आणि तुमचा आकडा खरा आहे हे कशावरून?